कामाला आलेल्या कोंडाबाई

कोंडाबाई, तुमच्या खोलीची कडी मी अजून बाहेरून लावलेली नाही. सहा दिवस झाले. गल्लीतल्या बायका येतात, दारातून रिकाम्या बाजेकडं बघतात आणि मला म्हणतात, "घरच्यासारखीच होती हो तुमच्या." मी मान हलवते. तुम्ही असतात तर तिथल्या तिथं त्यांना थांबवलं असतंत आणि मी ओशाळले असते. एकोणीस वर्षांत असं कितीदा झालं.

मला लिहायची सवय नाही. माहेरी भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवली, तेवढीच विद्या. इथं परळीत ती दुकानातल्या चिठ्ठ्या वाचण्यापलीकडं कामाला आली नाही. तुम्हाला तर अक्षरओळखच नव्हती, म्हणजे हे तुम्ही वाचलंही नसतंत. तरी लिहिते. तुमच्याशी बोलायचं पुष्कळ राहिलंय.

तुम्ही आलात तो दिवस मला रागासकट आठवतो. सासूबाईंच्या अंगावरून वारं जाऊन दोन महिने झाले होते. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. पाठ चिघळली होती. मोमिनाबादेहून आणलेले हकीमसाहेब नाडी बघून यजमानांना ओसरीवर घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले की आता फार तर चार-सहा महिने. माझ्या पदरात तीन वर्षांचा मुलगा, यजमान दिवसभर दुकानात. सासूबाईंना कुशीवर वळवताना मला रडू यायचं. त्यांच्या दुःखानं नव्हे, वासानं यायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कुणीतरी तुमचं नाव सुचवलं आणि तुम्ही घाटनांदूरहून भावाबरोबर आलात. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, हाडं मोठी, कपाळ मोकळं. पगाराचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. मग यजमान मोठ्या मनानं म्हणाले की तुला इथं परकं वाटणार नाही, घरच्यासारखी राहा. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून म्हणालात, "घरची नका म्हणू, मालक. घरच्या बाईला सुट्टी नसती, अन् तिनं काई मागितलं तर लोकं वाईट म्हणत्यात. मी कामाला आले हाय."

आणि मग तुम्ही तुमचं म्हणणं सांगितलंत. खोली लहान असली तरी चालेल, पण तिला आतून कडी हवी. दर सोमवारी सकाळी तुम्ही वैजनाथाला जाणार, आणि परत येईपर्यंत तुम्हाला कुणी बोलावणं धाडायचं नाही. हे ऐकूनच माझं डोकं तापलं होतं. कामाला आलेली बाई आणि देवदर्शनाच्या सुट्ट्या! शेवटचं तुम्ही थोडं थांबून सांगितलंत. "मी आजारी पडले तर मला गाडीत घालून भावाकडं धाडायचं न्हाई. तुमच्या हितं काम करता करता पडले तर तुमीच बघायचं. हे कबूल असंल तर राहते."

यजमान हसले. तुम्ही हसला नाहीत. तेव्हा त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "कबूल." मला वाटलं, हा माणूस गल्ल्यावर बसून इतकी वर्षं घासाघीस करतो आणि इथं एका शब्दात हरला.

तेव्हा मी तुम्हाला 'अगं' म्हणत असे. "अगं कोंडाबाई, पाणी तापलं का," असं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'वैनी, तुमी' म्हणालात.

तुमचं काम मी पहिल्यांदा नीट बघितलं ते चोरून. सासूबाईंच्या खोलीतून तुमच्या बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून दाराआड उभी राहिले. तुम्ही जुन्या लुगड्यांच्या चुंबळी वळल्या होत्या, डोक्यावर घागर घ्यायला बायका वळतात तशा, पण मऊ. एक टाचेखाली, एक घोट्याखाली, एक मोठी कमरेच्या हाडाखाली. चिघळलेली जागा त्या चुंबळीच्या पोकळीत अधांतरी राहायची, तिला कशाचाच स्पर्श नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचं, उन्हात वाळवलेल्या फडक्यानं टिपायचं, चोळायचं नाही. आणि ऊन अंगणात सरकेल तशी कूस बदलायची. ऊन तुळशीपाशी आलं की डावी कूस, विहिरीच्या कठड्यावर गेलं की उताणं. तुम्ही घड्याळ कधी पाहिलं नव्हतंत. तीन आठवड्यांत ती पाठ भरून आली. मी रोज बघत होते, तरी माझा विश्वास बसत नव्हता.

आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायचात. त्यांची वाचा गेली होती हे जणू तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. "आक्का, आज शेवग्याच्या शेंगा आल्यात बाजारात, कशा करायच्या?" असं विचारून तुम्ही गप्प बसायचात. उत्तराला जागा ठेवायचात. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलायचं, मग तुम्ही म्हणायचात, बरं, तशा करू. मला ते खुळेपणाचं वाटायचं.

मिठाची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. सासूबाईंना तुम्ही पेज भरवायचात, डाव्या गालात एकेक चमचा, मग गळ्यावरून हळूच बोटं फिरवायची की घास खाली उतरे. एके दिवशी मी पेज चाखली तर अळणी. मी चारचौघांत तुम्हाला बोलले. भान नाही, लक्ष नाही, आजारी माणसाला अळणी पाजतेस, असं बरंच. तुम्ही वाडगं उचललंत आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशीही पेज अळणी. मी यजमानांना सांगितलं की ही बाई हटवादी आहे, हिला घालवा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात होते. तुम्ही दुसरा चमचा भरवलात आणि सासूबाईंनी तोंड फिरवलं. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "काय पायजे, आक्का?" आणि थांबलात. किती वेळ थांबलात! मला वाटलं चमच्यातली पेज गार होऊन गेली असेल. सासूबाईंचे ओठ वाकडे झाले, कपाळावर शिरा आल्या, आणि आवाज आला, "मी-ठ."

तुमच्या पदराच्या गाठीत मिठाची पुडी होती. तीन दिवस होती. ती सोडून तुम्ही पेजेत मीठ घातलंत, ढवळलंत आणि पुढचा चमचा भरवलात. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. मी तुमची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. ती आत्ता मागते.

पुढं महिन्याभरानं हकीमसाहेब आले. आमच्याकडच्या गडीमाणसांशी ते एरवी बोलत नसत. सासूबाईंची पाठ त्यांनी उघडून पाहिली, त्यांना नाव विचारलं, उत्तर ऐकलं. मग ते तुमच्यासमोर स्टुलावर बसले आणि चुंबळी कशा वळता ते दाखवा म्हणाले. तुम्ही दाखवलंत. त्यांनी स्वतःच्या हातानं एक वळून पाहिली आणि ती तुम्ही सोडवून परत वळून दिलीत. जाताना ते यजमानांना म्हणाले की मी दिलेली मुदत विसरा.

गावात उंदीर पडायला लागले ते तुम्ही आल्याच्या चौथ्या वर्षी. आधी मोंढ्यात, मग आमच्या मागच्या गल्लीत. काखेत गाठी येऊन माणसं दोन दिवसांत जायला लागली. सरकारी हुकूम आला, दवंडी फिरली, गाव मोकळं करा आणि माळावर झोपड्या घाला. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. यजमानांनी गाडी जुंपून आणली, गाडीत गादी घातली. सासूबाईंनी डाव्या हातानं बाजेचा पाय धरला आणि सोडेनात. "मी न्हाई," एवढंच म्हणत राहिल्या. दुसऱ्या खेपेला गाडी आणली तेव्हाही तेच.

यजमान म्हणाले, तुम्ही सगळे जा, मी आईपाशी राहतो. तेव्हा तुम्ही पुढं झालात. "मालक, तुमाला कूस बदलता येत न्हाई. तुमी ऱ्हायलात तर मला दोघांचं बघावं लागंल. लेकरांत जावा." यजमान म्हणाले, हे करारात नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आजारी माणसाला टाकून जायचं, हे तरी कुठं व्हतं?" मी बाळाला घेऊन गाडीत बसलेली होते. मी खाली उतरले नाही. आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकते.

सव्वा महिना आम्ही माळावर होतो. रामोशी रोज वेशीजवळच्या ओट्यावर शिधा ठेवून मागं सरायचा आणि तुम्ही येऊन तो न्यायचात. दोघी बऱ्या आहेत, एवढा निरोप यायचा. एका दुपारी मला राहवलं नाही. बाळाला शेजारच्या झोपडीतल्या चुलत जावेपाशी दिलं, शेतातून वळसा घालून परसाच्या मागं गेले. भिंत पडकी होती, त्या पलीकडं चिंच. गावात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आणि त्या शांततेत तुमचा आवाज आला, रोजचाच. "आक्का, तुमच्या माहेरी नागपंचमीला काय करायचे?" मग थांबलात. मग सासूबाईंचा आवाज, अडखळत, पण स्पष्ट, "दिंडं. पुरणाची." भोवतीची घरं मोकळी, गल्लीत मेलेले उंदीर, आणि तुम्ही दोघी दिंडांबद्दल बोलत होतात. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता तसा. आत यावं, तुमचे पाय धरावेत असं वाटलं. पण बाळ आठवलं. मी चिंचेमागून तशीच परत फिरले आणि झोपडीपर्यंत पळत गेले.

गावात परतलो तेव्हा मी उंबऱ्यातच थबकले. सासूबाई बसल्या होत्या. बाजेवर, भिंतीला टेकून, पण बसल्या होत्या. केस विंचरलेले, पाठ कोरडी, स्वच्छ. डाव्या हातानं वाटाणे सोलत होत्या. यजमान लहान मुलासारखे त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुम्ही मात्र वाळून निम्म्या झाला होतात.

यजमान डोळे पुसून म्हणाले, काय हवं ते मागा. तुम्ही म्हणालात, "पाच सोमवार बुडालेत माझे. ते एकदम द्या. भावाकडं जाऊन येते." बस, एवढंच. मी म्हणाले, "कोंडाबाई, तुम्ही निघा, गाडी देतो." 'तुम्ही' कधी म्हणाले ते माझं मलाच कळलं नाही. तुमच्या ध्यानात आलं होतं. तुम्ही एक क्षण माझ्याकडं बघितलंत आणि गाठोडं बांधायला गेलात. ते पाच दिवस सासूबाईंचं सगळं मी केलं. ऊन तुळशीपाशी आलं की डावी कूस. त्या पाच दिवसांत मला वास आला नाही, रडूही आलं नाही.

आमच्याकडं येण्याआधी तुम्ही गेवराईकडं ज्या घरी कामाला होतात, त्या घराबद्दल तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. तिथल्या जमीनदाराची तीन मुलं तुम्ही नऊ वर्षं सांभाळली होतीत. मुलं तुम्हाला आई म्हणायची, मालकीण म्हणायची कोंडा आमच्या घरचीच. मग तुम्हाला ताप भरला, उतरेना, आणि एका सकाळी त्यांनी गाडी जुंपली. आपल्या माणसांत बरं वाटंल म्हणाले. भर पावसात दोन दिवसांची वाट. तुमच्या आईनं तुम्हाला ओळखलं नाही. सांगताना तुम्ही रागावला नव्हतात. फक्त म्हणालात, "घरची म्हटलं का करार ऱ्हात न्हाई, वैनी. मग ज्याच्या त्याच्या मनावर."

यावर मी वाद घातला. माणसामाणसांत काही माया असते की नाही, सगळं ठरावानंच चालतं का? तुम्ही म्हणालात, माया असती, पण तिच्यावर आजारी माणसाला निजवता येत न्हाई. हा वाद आपण पुढं किती वर्षं घातला! शेंगा निवडताना, वाती वळताना. मी कधी जिंकले नाही.

सासूबाई त्या साथीनंतर आठ वर्षं जगल्या. हकीमसाहेबांनी चार-सहा महिने म्हटलं होतं. त्या गेल्या तेव्हा तुमचं गाठोडं बांधून तयार होतं. मी म्हणाले, राहा. तुम्ही म्हणालात, काम सांगा. मग मी म्हणाले, गल्लीतल्या बायकांना तुमचं काम शिकवा, खोली तुमचीच. त्यावर तुम्ही गाठोडं सोडलंत. त्यानंतर किती घरांतून तुम्हाला बोलावणी आली! बाळंतिणी, म्हातारे, तापाची माणसं. दर सोमवारी मात्र नाही.

आणि गेल्या वर्षी विहिरीच्या पायरीवरून तुमचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळणार नव्हतं.

चुलत सासरे आले आणि म्हणाले, तिला तिच्या गावी पोचवा, दुकानदाराच्या बायकोनं कामवाल्या बाईची घाण काढायची का? त्यांचा राग करायला मला सोपं गेलं असतं. पण तुमचा भाचा घाटनांदूरहून गाडी घेऊन आला होता, त्याला निरोप मीच धाडला होता. यजमानांना न विचारता. मी थकले होते, कोंडाबाई. मी मनाशी म्हटलं, आपल्या माणसांत बरं वाटंल. शब्दसुद्धा तेच.

यजमान दुकानातून आले, गाडी बघितली. भाच्याला पाणी दिलं, बैलांना वैरण टाकली. मग म्हणाले, "गाडी मोकळी परत जाईल. मी कबूल म्हटलं होतं." चुलत सासरे महिनाभर आमच्याकडं जेवले नाहीत. मी तुमच्या खोलीत आले तर तुम्ही छताकडं बघत होतात. तुम्हाला सगळं ऐकू गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "चुंबळ घ्या एक. खुब्याखाली न्हाई, जरा वर."

असे हे आठ महिने गेले. तुम्ही बाजेवर पडून मला शिकवत होतात. हात कुठं घालायचा, श्वास कधी सोडायचा, दुखणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं कधी बघायचं आणि कधी बघायचं नाही. मी तुमचं अंग धूत होते आणि शिकत तुमच्याकडूनच होते. ज्याला वेदना होतायत त्यानंच दुसऱ्याचा हात धरून तो बरोबर जागी ठेवावा, असं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

त्याच दिवसांत एकदा मी तुम्हाला चिंचेमागची गोष्ट सांगितली. सांगून मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "हिरवं लुगडं व्हतं. मी बघितलं व्हतं." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला कशा नाहीत? "कावून बोलायचं? पाजती बाई तुमी. आत आला असता तर मीच दारातून परत लावलं असतं. तितक्या लांब आलात, तेच लई झालं."

मग मी रडत म्हणाले, आता तरी म्हणू द्या, तुम्ही घरच्या आहात. तुम्ही म्हणालात, "न्हाई, वैनी. घरच्याचं सगळेच करत्यात. मी कामाला आलेली बाई, अन् तुमी बोलल्यापरमानं केलंत. हे त्याच्याहून मोठं हाय."

त्या दिवशी तो वाद संपला. मी हरले, आणि हरताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटचे दोन दिवस तुमचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. त्या सकाळी ऊन तुळशीपाशी आलं. तुम्ही अगदी हलक्या झाला होतात, म्हणून मी घाईघाईनं वाकून तुमच्या खाली हात घालायला लागले. तर माझ्या पाठीवर तुमची बोटं टेकली. कमरेच्या वर, बरोबर जिथं मला रोज संध्याकाळी दुखायचं तिथं. तुम्ही ती जागा दाबलीत आणि म्हणालात, "कमरंत न्हाई, वैनी. गुडघ्यात वाका. ही कंबर तुमाला अजून लई दिस लागणार हाय."

मी सरळ झाले. पाय फाकवले, गुडघ्यात वाकले, हात खाली घातले आणि तुम्हाला सावकाश डाव्या कुशीवर घेतलं. कमरेला जराही ओढ बसली नाही. बरोबर जमलं का म्हणून तुमच्या तोंडाकडं बघितलं, तर तुम्ही गेला होतात. अंग अजून ऊन होतं. आठ महिने अंथरुणावर काढलेली तुमची पाठ माझ्यासमोर होती, कोरडी, अखंड, तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.